रानाचा जमाखर्च

चीड, देवदार, पाइन ही झाडे आम्ही उभयतांनी आयुष्याची साठ वर्षे केवळ नाताळच्या भेटकार्डांवर पाहिली. रेणापूरच्या आमच्या घरात, देव्हाऱ्याच्या वरच्या तारेवर ही कार्डे दरवर्षी टांगली जात: बर्फ, चर्चचा मनोरा, आणि त्रिकोणी हिरवी झाडे. खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर आम्ही जो 'ख्रिसमस ट्री' उभा करीत असू तो मात्र सुरूच्या फांदीचा असे, आणि ज्या वर्षी सुरूही मिळाला नाही त्या वर्षी बाभळीचा. बाभळीला तारे टांगताना बोटांना काटे टोचत. आमच्या आईला त्यात काही विसंगत वाटत नसे. ज्याच्या मस्तकावर पुढे काट्यांचा मुकुट चढायचा, त्याच्या पाळण्याशेजारी बाभूळ शोभते, असे ती म्हणे.

खरे चीडवन पाहण्याचा योग आला तो २०२३ च्या नोव्हेंबरात, आणि तोही एका घरगुती पेचामुळे.

रेणा नदीच्या काठी आमची वडिलोपार्जित सात एकर जमीन आहे. त्यांपैकी पाच एकर काळी, दोन एकर मुरमाड. आम्ही दोघांनी नोकरीचे आयुष्य शाळेत काढले. जमीन धाकटे बंधू कसतात. सोयाबीन, तूर, आणि पाणी असले तर थोडा ऊस. काळ्या आणि मुरमाड जमिनीच्या मधल्या बांधावर चिंचेची सात झाडे होती. ती वडिलांनी लावलेली. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडण्याच्या कामावर होते. मुलांच्या वाट्याला आलेली सुकडी आणि दिवसभर डोक्यावर तापणारे ऊन या दोन गोष्टी त्यांच्या स्मरणातून कधी गेल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी बांधावर अकरा चिंचोके पुरले. सात जगले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हादरे आमच्या गावापर्यंत आले, आणि त्यानंतर कित्येक रात्री घरात निजण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. आमचे सारे कुटुंब त्याच चिंचांखाली झोपत असे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आमची विंधनविहीर कोरडी पडली, परंतु चिंचा हिरव्या राहिल्या.

त्या २०२३ च्या पावसाळ्यात एक तरुण गृहस्थ शेतावर आले. बोलण्यात मृदू, हातात रंगीत कागद. शेतात झाडे लावा, ती तीस वर्षे तोडू नका. झाडे हवेतला कार्बन शोषून घेतील, त्याचे 'क्रेडिट' आमची कंपनी विकेल आणि तुम्हांला वाटा देईल, असा त्यांचा प्रस्ताव होता. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी झाला की एक क्रेडिट. बांधावरच्या चिंचांकडे पाहून ते म्हणाले, "काका, ही झाडं हिशेबात येत नाहीत. आधीची आहेत ना! नवीन लावलेलीच मोजतात."

धाकट्यांच्या डोक्यावर दोन विंधनविहिरींचे आणि मुलीच्या शिक्षणाचे कर्ज आहे. त्यांनी लगेच हिशेब मांडला. चिंचा काढल्या तर लाकडाचे पैसे येतील, आणि त्या जागी नव्या झाडांच्या दोन ओळी बसतील. आम्ही नको म्हणालो. ते म्हणाले, "दादा, तुमची पेन्शन चालू आहे. नुसत्या सावलीनं बँकेचं व्याज फिटतंय का?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही नाही. वहिनी या नात्याने सौभाग्यवतींनी एवढेच विनविले की, आम्ही परत येईपर्यंत थांबावे.

परत कोठून? आमचा एक भाचा वातावरणशास्त्राचा पदवीधर आहे, आणि त्या वेळी तो उत्तराखंडात होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशात निरनिराळ्या प्रकारच्या वनांत असे मनोरे उभे केले आहेत की ज्यांवरची उपकरणे रान आणि हवा यांच्यातली कार्बनची देवघेव मोजतात. आसामात काझीरंग्याचे रान, तामिळनाडूत पिचावरमची खारफुटी, आणि कुमाऊंत अल्मोड्याजवळ कोसी-कटारमल येथील चीडवन. कार्बन खरोखर मोजतात कसा, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारावे, असे आम्ही ठरविले. लातूरहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, आणि पुढे जीपने डोंगर. सौभाग्यवतींना वळणांचा फार त्रास झाला. त्यांनी अर्धी जपमाळ त्या रस्त्यावरच संपविली.

भेटकार्डावरचे झाड आणि डोंगरावरचे झाड यांत बरेच अंतर असते, हे तेथे गेल्याबरोबर कळले. चीड त्रिकोणी नसतो. खोड सरळसोट उंच, आणि शेंड्याकडे विरळ पर्णसंभार. खाली वाळलेल्या सुयांचा जाड थर असतो, त्याला तिकडे पिरूल म्हणतात. त्यावर पाय ठरत नाही. वारा आला की समुद्राच्या गाजेसारखा आवाज होतो. अनेक खोडांवर जुन्या चिरा दिसतात. तेथून राळ काढतात, तिला लिसा हे नाव. म्हणजे हे रान आपोआप वाढलेले आहे असे वाटले तरी त्यावर माणसाचा हात शंभराहून अधिक वर्षे फिरलेला आहे. इंग्रजांना राळ हवी होती, रेल्वेचे स्लीपर हवे होते. त्यांनी चीड जोपासला आणि गावकऱ्यांचे चराईचे व सरपणाचे हक्क आवळले. १९२१ साली कुमाऊंच्या लोकांनी संतापाने ही राने पेटवून दिली होती. पुढे चिपको आंदोलनानंतर, १९८१ पासून, हजार मीटरच्या वर हिरवे झाड तोडण्यास बंदी आली. आगी मात्र थांबल्या नाहीत. उन्हाळ्यात पिरूल पेटते, आणि झाडांनी वर्षानुवर्षे साठविलेले धन दोन दिवसांत धूर होऊन जाते.

भाच्याने आम्हांला मनोऱ्याच्या पायथ्याशी नेले. लोखंडी सांगाडा, शेंड्यांच्या वर गेलेला. आम्ही वर चढलो नाही, ते वय आता राहिले नाही. तो खालूनच समजावू लागला.

"मामा, आजोबांना उफणताना पाहिलंय ना तुम्ही?"

पाहिले होते. खळ्यावर उंच उभे राहून ते सुपातून धान्य सोडीत, आणि वारा भुसा वेगळा करी. वारा एकसारखा कधीच नसे. एक झुळूक खाली दाबणारी, एक वर उचलणारी. वडील तिची वाट पाहत थांबत.

"मनोऱ्यावर तेच बघायचं असतं," भाचा म्हणाला. आपल्याला वारा आडवा वाहताना भासतो, परंतु त्याच्या पोटात लहानमोठे भोवरे सतत वर-खाली फिरत असतात. एक उपकरण ध्वनिलहरींच्या साहाय्याने वाऱ्याचा वर-खाली वेग मोजते. दुसरे त्याच क्षणी, अवरक्त किरणांच्या साहाय्याने, त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजते. सेकंदाला दहा वेळा मोजले तर अर्ध्या तासात अठरा हजार नोंदी होतात. खाली येणाऱ्या झुळकांत हा वायू अधिक आणि वर जाणाऱ्या झुळकांत कमी असेल, तर तेवढा रानाने घेतला. उलट असेल तर रानाने दिला. हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास. यंत्रयुगापूर्वी ते सुमारे दोनशे ऐंशी होते. एवढ्या विरळ वायूतला वरचा-खालचा फरक किती सूक्ष्म असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

आमची समजूत होती की झाड घेते, आणि विषय संपतो. तसे नाही. दिवसा पाने घेतात. पण पाने, खोड, मुळे आणि मातीतले असंख्य जीव अहोरात्र श्वास सोडीत असतात. घेतले किती, दिले किती, आणि हाती उरले किती, असा हा जमाखर्च आहे. दोन मोठ्या रकमा आणि त्यांची लहानशी वजाबाकी. मोठ्या रकमेत थोडी चूक झाली तरी शिल्लक पालटते.

"आणि रात्री?" सौभाग्यवतींनी विचारले.

भाचा हसला. "मामी, रात्रीचंच अवघड आहे." रात्री वारा पडतो, भोवरे निजतात. मातीतून निघालेला वायू जड होऊन पाण्यासारखा उतारावरून दरीत वाहून जातो. तो मनोऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. उपकरण म्हणते, काही सुटले नाही. ते खोटे असते. म्हणून शांत रात्रींच्या पुष्कळ नोंदी बाद कराव्या लागतात, आणि त्या जागी तापमानावरून काढलेला अंदाज भरावा लागतो. "किती आकडे मोजलेले आणि किती भरलेले, हे आम्हांला कागदावर लिहून द्यावं लागतं," तो म्हणाला. हे वाक्य आमच्या मनात राहिले. रेणापूरला आलेल्या त्या रंगीत कागदांवर असे काहीच लिहिलेले नव्हते.

संध्याकाळी खोलीत बसून त्याने आम्हांला आणखी एका चीडवनाची कथा सांगितली, आणि ती ऐकताना आम्हांला आपलीच भूमी आठवत होती. इस्राएलच्या दक्षिणेस, नेगेव वाळवंटाच्या कडेला यातीर नावाचे रान आहे. यहोशवाच्या पुस्तकात लेवींना दिलेल्या नगरांच्या यादीत यत्तीर हे नाव येते, आणि दाविदाने ज्या गावांना लुटीतला वाटा पाठविला त्यांतही ते आहे. चौथ्या शतकात एउसेबिअसने तेथील वस्ती ख्रिस्ती असल्याची नोंद केली आहे. त्या उजाड टेकड्यांवर १९६४ पासून माणसांनी अलेप्पो पाइनची रोपे लावली. आज ते सुमारे २,८०० हेक्टरांचे रान आहे. पाऊस वर्षाला जेमतेम २८० मिलिमीटर. आमच्या लातूर जिल्ह्यात याच्या दुपटीहून अधिक पडतो, आणि तरीही आमच्याकडे वनाखालची जमीन एक टक्काही नाही. असो.

२००० सालापासून वाइझमन संस्थेचे डॅन याकीर आणि त्यांचे सहकारी त्या रानात मनोऱ्यावरून मोजमाप करीत आहेत. २०१० साली त्यांनी जे प्रसिद्ध केले त्याने अनेक विद्वानांना चकित केले. एवढ्या कोरड्या जागी ते रान वर्षाला हेक्टरी सुमारे २.३ टन कार्बन शिल्लक टाकीत होते. युरोपातल्या भरपूर पावसाच्या पाइनवनांच्या बरोबरीने! ही झाडे हिवाळी पावसात, डिसेंबर ते एप्रिल, आपले काम उरकून घेतात आणि उन्हाळ्यात जवळजवळ श्वास रोखून बसतात. परंतु त्याच लेखात दुसरीही बाजू होती. भोवतालची फिकट जमीन ऊन परत फेकते, गडद रान ते शोषून घेते. त्यामुळे रानामुळे होणारी ही ऊब भरून काढण्यासच कार्बनची कित्येक दशकांची शिल्लक खर्ची पडते. म्हणजे झाड लावले की पृथ्वी लगेच थंड झाली, इतके हे गणित सरळ नाही. आमची जमीन काळी आहे, फिकट नव्हे. म्हणून तो निष्कर्ष आमच्या बांधावर जसाच्या तसा लागू पडणार नाही, हेही भाच्याने बजावले.

आम्ही रंगीत कागद काढला. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. यातीरच्या हिशेबाने एका एकराला वर्षाकाठी सुमारे साडेतीन टन. कागदावरचा आकडा याच्या दुपटीहून मोठा होता. भाचा म्हणाला, "अशक्य नाही, मामा. पाऊस जास्त आहे, झाडं लवकर वाढणारी आहेत. पण सगळी जगली तर. आणि तुमच्या शेतात कोणी मनोरा उभा करणार नाही. टेप लावून खोडाचा घेर घेतील, आणि कोष्टकावरून आकडा काढतील." टेप खोटी असते असे त्याचे म्हणणे नव्हते. टेप झाडाचे खोड मोजते, मनोरा सबंध रानाचा श्वास मोजतो. दोघांचीही जागा आहे. पण मनोऱ्यालाही एक गोष्ट दिसत नाही. लागवडीच्या रानातली झाडे विरळणीसाठी तोडली, ओंडके ट्रकात घातले आणि खालच्या रस्त्याने नेले, तर तो कार्बन हवेतून गेलेला नसतो. मनोऱ्याच्या वहीत त्याची नोंद होत नाही. तो पुढे कोठेतरी भट्टीत जळतो, किंवा कोणाच्या घराची तुळई होऊन शंभर वर्षे टिकतो. मागे राहिलेली बुंधे आणि मुळे मात्र कुजत राहतात, आणि सफाचट तोडलेले रान पुढे काही वर्षे घेण्याऐवजी देतच राहते.

आम्हांला पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे २०१५ चे परिपत्रक आठवले. आमच्या धर्मग्रामात उपवासकाळात त्याचे वाचन झाले होते. दिवंगत पोप महोदयांनी त्यात कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीविषयी स्पष्ट शंका व्यक्त केली आहे: यातून नवी सट्टेबाजी उभी राहील, आणि ज्यांनी उधळपट्टी कमी करायला हवी त्यांना ती चालू ठेवण्याची सोय होईल. तेव्हा आम्ही माना डोलावल्या होत्या. आता वाटते, माना डोलावणे सोपे होते. कारण तेव्हा धाकट्यांचा कर्जाचा कागद आमच्या पुढ्यात नव्हता. रोमच्या शंकेने रेणापूरच्या बँकेचा हप्ता भरला जात नाही. आणि उधळपट्टी आमच्या बंधूंनी तर कधीच केली नाही.

आम्ही परत आलो तेव्हा सातांपैकी दोन चिंचा गेल्या होत्या.

वीटभट्टीचा माणूस आला, भाव बरा होता, हप्त्याची तारीख जवळ होती. ट्रॅक्टर आला आणि ओंडके घेऊन गेला. धाकटे आम्हांला आणायला बसस्थानकावर आले नाहीत, तेव्हाच आम्ही काय ते ओळखले होते. बांधावर दोन बुंधे उघडे पडले होते. भाच्याचे शब्द ध्यानात असल्यामुळे आम्ही त्यांच्याकडे पाहून नुसते उभे राहिलो. मनोरा असता तरी त्याला तो ट्रॅक्टर दिसला नसता.

त्या दिवशी दोन्ही घरांत कोणी कोणाशी बोलले नाही. पुढेही बरेच दिवस बोलणे कामापुरतेच झाले. रविवारी लातूरला मिस्सेला जाताना एकाच गाडीत बसायचे आणि शांतीचिन्हाच्या वेळी एकमेकांचा हात हातात घ्यायचा. तो हात पूर्वी इतका जड कधी वाटला नव्हता. आम्ही मनात कठोर झालो होतो. नंतर ध्यानात आले की पाच चिंचा उभ्या होत्या. भाव सातांचाही मिळाला असता. धाकट्यांनी दोनच दिल्या होत्या, आणि तेही आम्ही दोन महिने 'थांबा' म्हणून एक पैसाही पुढे न करता डोंगर पाहायला गेलो असताना. लूकच्या शुभवर्तमानातल्या अंजिराच्या झाडासाठी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण तो नुसते मागत नाही, आळे खणण्याचे आणि खत घालण्याचे स्वतःच्या अंगावर घेतो. हा भाग आम्ही शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला किती वेळा सांगितला असेल!

डिसेंबरात आमच्या ठेवीतून बँकेचे दोन हप्ते भरले. हे लिहावे की न लिहावे असे वाटत होते. परंतु जमाखर्च म्हटल्यावर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

नाताळला भाचा आला. त्या रंगीत कागदाचा त्याने ओळ न ओळ अर्थ लावून सांगितला. तीस वर्षांत झाड मेले तर बदली झाड कोणी लावायचे, तपासणीचा खर्च वाट्यातून किती कापला जाईल, जमीन विकावी लागली तर करार कोणाच्या गळ्यात. धाकटे मुकाट्याने ऐकत होते. मग म्हणाले, "दोन एकर मुरमाडावर काहीच पिकत नाही. तिथं लावतो. पण या कागदावर नाही. रोपं वनखात्याच्या रोपवाटिकेतून आणू, करार करायचा का ते झाडं जगल्यावर बघू." आम्हांला हे पटले. नव्या झाडांचे क्रेडिट कराराशिवाय पुढे मिळणार नाही, कारण मग तीही 'आधीची' होतील, हे भाच्याने स्पष्ट केले. धाकट्यांनी खांदे उडविले. त्यांचे मन काय म्हणत होते ते आम्हांला उमगले नाही, आणि हप्ते अजून पुष्कळ बाकी आहेत.

दुपारी जेवणानंतर भाचा म्हणाला, "मामा, निदान या पाचांची नोंद तरी करून ठेवू. कोणी पैसे देणार नाही, पण दरवर्षी मोजता येईल." जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाला खडूची खूण करायची आणि घेर घ्यायचा. घरात शिवणाची टेप होती, ती पाच फुटांत संपली. सौभाग्यवतींनी लुगड्याची किनार आणू का विचारले. धाकटे न बोलता गोठ्याकडे गेले, बैलाचे दावे घेऊन आले, आणि एक टोक आमच्या हातात देऊन दुसरे टोक खोडाभोवती फिरवून आमच्यापाशी आले. दाव्याला गाठ मारून ते जमिनीवर पसरले आणि टेपने दोन वेळा मोजले.

"सहा फूट सात इंच," ते म्हणाले. "लिहा, दादा. पुढच्या झाडाला खडू द्या इकडं."